हळदीचा डाग आणि आत्याचं क्वांटम

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आत्याचं. ती हे वाचणार आहे, तिला विचारूनच लिहितोय. "लिही, पण मला बावळट दाखवू नकोस," एवढी एकच अट तिने घातलीय. ती पाळायला काहीच अवघड नाही. बावळट कोण ठरलं ते पुढे येईलच.

झालं असं. आत्या सत्तरीची. थायरॉइडची गोळी गेली बारा-तेरा वर्षं चालू आहे, रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. मध्यंतरी तिच्या सोसायटीत एक शिबिर भरलं. "क्वांटम तपासणी". हातात धातूची एक दांडी धरायची, ती वायरने लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभराने रिपोर्ट छापून मिळतो, तीसेक पानांचा, रंगीत. यकृताची ऊर्जा, हाडांची ऊर्जा, डोळ्यांची ऊर्जा, सगळ्याचे आकडे. त्यात "थायरॉइड: ऊर्जा संतुलित" असं आलं. वर गळ्यात घालायचं एक लॉकेट, क्वांटम ऊर्जेने भारलेलं. त्याची किंमत इथे लिहीत नाही, आतोबाही वाचतात.

आत्याने विचार केला, संतुलित आहे तर गोळी कशाला? शिवाय गोळी म्हणजे केमिकल, लॉकेट म्हणजे नैसर्गिक. दीड महिना गोळी बंद. मग पायऱ्या चढताना दम, चेहऱ्यावर सूज, ऐन उन्हाळ्यात अंगावर शाल. डॉक्टरांकडे नेली तेव्हा ते जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. आता गोळी पुन्हा सुरू आहे, तब्येत पूर्वपदावर येते आहे, काळजी नको (नागपूरच्या मंडळींसाठी हे वाक्य).

तर गेल्या महिन्यात तिच्याकडे जेवायला गेलो होतो. मी अर्थातच व्याख्यान झोडलं. हे थोतांड आहे, क्वांटमशी याचा काडीचा संबंध नाही, वगैरे. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, ते खोटं. मग खरं क्वांटम काय असतं ते सांग की. तू शिकलायस ना ते?"

शिकलोय. एमएस्सीला दोन पेपर होते. त्यामुळे मी उत्साहात सुरुवात केली... बघ आत्या, सूक्ष्म जगात सगळं विचित्र असतं. इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतो. आपण बघितलं की तो बदलतो. पेटीतलं मांजर जिवंतही असतं आणि मेलेलंही. दोन कण कितीही लांब गेले तरी एकमेकांशी जोडलेले राहतात. खरं तर हे कुणालाच नीट कळलेलं नाही.

आत्या हसली. म्हणाली, "अरे, तो लॉकेटवालाही अगदी हेच म्हणत होता!"

मंडळी, माझी बोलती बंद झाली. कारण ते खरं होतं. त्या विक्रेत्याने आणि मी एकच प्रस्तावना केली होती. फरक इतकाच की त्याने शेवटी लॉकेट काढलं आणि माझ्याकडे काढायला काही नव्हतं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, आणि आता माझं एक मत झालंय. आपण, म्हणजे थोडंफार विज्ञान शिकलेले आणि त्याबद्दल लिहिणारे लोक, क्वांटमची गोष्ट उलट्या टोकाने सांगतो. चमत्कारापासून सुरुवात करतो. "जग किती अद्भुत आहे" असं म्हणून टाळ्या घेतो आणि निघून जातो. मागे उरतो तो "काहीही होऊ शकतं" हा समज, आणि त्या समजावर कुणीतरी दुकान थाटतं. प्रत्यक्षात पुंजयामिकीचं (हा आपला सरकारी शब्द, मला आवडतो, पण घरात कुणी बोलत नाही) सगळ्यात मोठं काम याच्या नेमकं उलट आहे. जग इतकं सरळ, इतकं भरवशाचं, रोज तेच ते का आहे, याचं उत्तर तिने दिलं. काहीही होऊ शकत *नाही*, हे सांगणारा तो सिद्धांत आहे.

हे मला त्याच दिवशी सुचलं, पण जरा उशिरा. जेवताना आमटी शर्टावर सांडली होती. मी बेसिनपाशी जाऊन साबण लावायला लागलो तर आत्या आतून ओरडली, "साबण नको, लाल होईल!" तोपर्यंत झालाच होता लाल. पिवळा डाग, साबण लागला की तांबडाभडक, भरपूर पाणी मारलं की परत पिवळा. हे आपल्या घरांत कुणाला माहीत नाही? हळदीत चुना कालवून कुंकू करायची जुनी रीत याच गोष्टीवर उभी आहे. आणि ही गोष्ट क्वांटमशिवाय समजावून सांगताच येत नाही! मांजराची गरजच नव्हती. शर्टावरच सगळं होतं.

आता सावकाश सांगतो. आत्या, तुझ्यासाठीच.

आधी एक खुलासा. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी व्हिडिओ बघून नंतर मराठी पुस्तक उघडणाऱ्या मुलांची यात जी गंमत होते ती मी भाच्याच्या बाबतीत बघितलीय. असो.

शाळेत आपण अणूचं जे चित्र काढलं ते सूर्यमालेसारखं. मध्ये केंद्रक, भोवती गोल गोल कक्षा, त्यांवर टिंबं. रदरफर्डने १९११ साली केंद्रक असतं हे मांडलं, त्यावरून आलेलं हे चित्र. ते दिसायला छान आहे आणि चूक आहे. किती चूक? तेव्हाच्या भौतिकशास्त्राप्रमाणे गोल फिरणारा विद्युतभार सतत प्रकाश बाहेर टाकतो, म्हणजे ऊर्जा गमावतो. हिशोब केला तर हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन गिरक्या घेत केंद्रकावर आदळायला सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले सोळाएक भाग पुरतात. म्हणजे ते चित्र खरं असतं तर तू, मी, आमटी, शर्ट, कुणीच डोळ्याची पापणी लवेपर्यंतही टिकलं नसतं.

बोरने १९१३ साली यावर तोडगा काढला तो असा की काही ठरावीक कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन प्रकाश टाकत नाही, बस्स. का नाही? तर नाही. पण त्यातून हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषांची गणितं अचूक आली, त्यामुळे त्याला नोबेल मिळालं ते योग्यच. मात्र पुढच्याच मूलद्रव्याला, दोन इलेक्ट्रॉनवाल्या हेलियमला, ते लागू पडेना. आणि दोन अणू एकमेकांना धरून का बसतात याचं धड उत्तर तर त्यात नव्हतंच. तरीही आपण आजतागायत मुलांना तेच चित्र काढायला लावतो आणि तेवढ्यावर सोडून देतो. चित्र जरूर शिकवा, मी स्वतः शिकवीन, पण खाली एक ओळ तरी लिहा की बाळांनो, हे खरं नाही.

खरं उत्तर १९२५-२६ मध्ये आलं. हायझेनबर्गने आधी, पाठोपाठ श्रोडिंगरने वेगळ्या वाटेने. (त्याची शंभरी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचं वर्ष जाहीर केलं होतं. मला दाट संशय आहे की लॉकेटवाल्यांना त्याचा आपल्यापेक्षा जास्त फायदा झाला.) त्या उत्तराचा गाभा सांगायला गणित लागतं, पण त्यातली एक गोष्ट गणिताशिवायही कळते. इलेक्ट्रॉन म्हणजे टिंब नाही. तो लाटेसारखा पसरलेला असतो. आणि लाट लहान जागेत कोंडायची तर किंमत मोजावी लागते, ऊर्जेची किंमत. जागा जितकी लहान, तितका तो जास्त उसळतो.

आता हिशोब बघ. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, त्यामुळे जवळ येण्यात फायदा आहे. अंतर निम्मं केलं की आकर्षणाचा फायदा दुप्पट होतो. पण कोंडून घ्यायची किंमत मात्र चौपट होते! म्हणजे जवळ जाण्यात सुरुवातीला नफा, पण एका ठिकाणानंतर तोटाच तोटा. जिथे हा व्यवहार जुळतो तिथे अणू थांबतो. हायड्रोजनमध्ये ते अंतर एका मीटरच्या सुमारे ५.३ लाख-कोटीव्या भागांच्या दहापट येतं... नको, हे असं लिहून कुणालाच काही कळत नाही. ०.०५३ नॅनोमीटर म्हणू. मुद्दा असा की हा आकडा कुणी वरून घातलेला नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक एवढंच माहीत असेल तर कागदावर काढता येतो. अणू एवढाच का, आणि कोसळत का नाही, याचं उत्तर एकाच हिशोबात.

इथे माझी आणखी एक तक्रार. "अणू म्हणजे ९९.९९ टक्के पोकळी, म्हणून तुम्ही बसलात ती खुर्चीही पोकळीच" हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. लॉकेटवाल्याच्या पत्रकातही होतं. केंद्रक इवलंसं असतं हे खरंच. वानखेडे स्टेडियमएवढा हायड्रोजनचा अणू धरला तर मध्ये मोहरीएवढं केंद्रक, आणि सोन्याचा अणू तेवढाच मोठा काढला तर वाटाण्याएवढं. पण उरलेलं स्टेडियम रिकामं नाही. ते इलेक्ट्रॉनच्या त्या पसरलेल्या लाटेने भरलेलं आहे. टिंबं फिरत असती तर पोकळी म्हणता आली असती. टिंबंच नाहीत तर पोकळी कुठली? ते वाक्य म्हणजे सूर्यमालेचं चित्र मनातून न गेल्याचं लक्षण.

आणि खुर्ची आपल्याला का पेलते? इथे पाउली नावाच्या माणसाचा १९२५ सालचा नियम येतो. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन. फिरक दोन प्रकारची असल्यामुळे एका घरात दोन मावतात, तिसरा आला तर त्याला वरच्या मजल्यावर जावं लागतं. त्यामुळे घरं खालून वर भरत जातात, पहिल्या मजल्यावर दोन, दुसऱ्यावर आठ. आपण नववीत २, ८, १ असं इलेक्ट्रॉन संरूपण घोकलं आणि "अष्टक पूर्ण करण्यासाठी" हे शब्द उत्तरपत्रिकेत शंभरदा लिहिले, त्याच्या मागे हा नियम आहे. तो नसता तर सगळे इलेक्ट्रॉन तळमजल्यावर दाटीवाटीने बसले असते आणि सोनं, लोखंड, ऑक्सिजन यांच्या स्वभावात आज दिसतो तसला फरकच उरला नसता. एवढंच नाही, पदार्थाला जागा व्यापता येते, ढीग वाढवला की आकारही त्याच प्रमाणात वाढतो, याचं मूळही त्यातच आहे. डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ साली हे गणिताने सिद्ध करून दाखवलं. तोपर्यंत खुर्च्या सिद्धतेशिवायच माणसांना पेलत होत्या.

मग रेणू. याची कथा मला फार आवडते. हायड्रोजनचे दोन अणू. दोघेही विद्युतदृष्ट्या तटस्थ. त्यांनी एकमेकांना धरावंच का? आणि धरायचंच तर दोघांनीच का, तिसऱ्याला का घेत नाहीत? रसायनशास्त्रज्ञ शे-पाऊणशे वर्षं अणूंमध्ये रेघा काढत होते, पण रेघ म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९२७ साली झुरिकमध्ये हाइटलर आणि लंडन (हे आडनाव आहे, गाव नाही) हे दोन तरुण त्यावर डोकं चालवत होते. हाइटलरने नंतर सांगितलेली आठवण अशी की एके दिवशी त्याच्याने काही काम होईना, म्हणून जेवून तो दुपारी झोपला तो थेट पाचला उठला, आणि उठला तेव्हा दोन अणूंच्या लाटा एकत्र कशा येतात याचं चित्र डोळ्यांसमोर स्पष्ट होतं. वामकुक्षीचं महत्त्व पुणेकरांनी जगाला पटवून द्यायची गरज नव्हती, झुरिकमध्ये ते आधीच सिद्ध झालं होतं.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. दोन अणू जवळ आले की इलेक्ट्रॉन एकाच केंद्रकापाशी अडकून राहत नाही, दोघांवर पसरतो. कोण कुणाचा हा फरकच उरत नाही, आणि त्यात एकूण ऊर्जा कमी होते. म्हणून जोडी टिकते. दोघांची फिरक उलट असेल तरच हे जमतं, आणि त्या घरात दोनच जागा. तिसऱ्या अणूचा इलेक्ट्रॉन आला तर जागा भरलेली. म्हणून हायड्रोजन दोन-दोनच्या जोड्यांत राहतो. शाळेत काढलेली ती रेघ म्हणजे ही दोन इलेक्ट्रॉनांची सामाईक लाट. माझ्या मते रसायनशास्त्राच्या इतिहासात याहून मोठा दिवस नाही, आणि तो दिवस एका माणसाने बराचसा झोपून काढला.

आता परत हळदीकडे.

हळदीचा पिवळेपणा ज्या रेणूमुळे आहे त्याला करक्युमिन म्हणतात. दोन टोकांना कार्बनची दोन षट्कोनी कडी, मध्ये सात कार्बनची साखळी. या साखळीवर काही इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, टोकापासून टोकापर्यंत पसरलेले असतात. तंबोऱ्याची तार आठव. दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे ती कुठलाही सूर काढू शकत नाही, ठरावीकच काढते. तार लांब असेल तर सूर खालचा, आखूड असेल तर वरचा. साखळीवरच्या इलेक्ट्रॉनच्या लाटेचंही तसंच. तिच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरावीक असतात आणि साखळी जितकी लांब तितक्या त्या पायऱ्या जवळजवळ. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश तो रेणू शोषतो. करक्युमिनमध्ये ही उडी निळ्या-जांभळ्या प्रकाशाएवढी आहे. पांढऱ्या प्रकाशातून निळं-जांभळं वजा झालं की उरतं ते पिवळं.

मीठ आणि साखर पांढरी का? तिथे इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले आहेत, उडी फार मोठी आहे, दिसणाऱ्या प्रकाशाला ती झेपत नाही. म्हणून प्रकाश तसाच आरपार जातो किंवा परततो. गाजर आणि टोमॅटो यांच्या साखळ्या हळदीपेक्षाही लांब, म्हणून रंग केशरी, लाल.

आणि साबण? साबण, सोडा, चुना हे सगळे अल्कधर्मी. ते करक्युमिनमधून एक प्रोटॉन काढून घेतात. मागे उरलेला जास्तीचा ऋणभार त्या साखळीवर पसरतो, पायऱ्या आणखी जवळ येतात, आणि रेणू निळ्याऐवजी हिरव्याच्या बाजूचा प्रकाश शोषायला लागतो. उरतं ते तांबडं. पाण्याने साबण निघून गेला की प्रोटॉन परत येतो, डाग पुन्हा पिवळा. डाग उन्हात वाळत घातला की फिका होतो हे तुला माहीतच आहे. ऊन पिऊन उडी मारलेला तो रेणू हवेतल्या ऑक्सिजनबरोबर मोडतो. आजी काही क्वांटम शिकली नव्हती, पण हळदीचं पातळ कुठे वाळत घालायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गॅसवर भाताचं खारं पाणी उतू गेलं की ज्योत पिवळी होते, तेही याच जातीचं. मिठातल्या सोडियमच्या अणूत वरच्या पायरीवरून खाली येणारा इलेक्ट्रॉन ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो. कुणाच्याही स्वयंपाकघरात तेवढाच, रत्नागिरीच्या मिठाचाही आणि हिमालयाच्या त्या गुलाबी मिठाचाही.

आणि इथे मला जे म्हणायचंय ते येतं. तेवढाच का? तारेची लांबी थोडी इकडेतिकडे झाली की सूर बदलतो, म्हणून प्रत्येक तंबोरा वेगळा लागतो. कुंभाराची दोन मडकी कधी हुबेहूब सारखी नसतात. सूर्यमालेसारखा अणू असता तर तोही तसाच असता. हा जरा मोठा, तो जरा चेपलेला, धक्का लागला की बिघडलेला. पण अणूला मधल्या अवस्था उपलब्धच नाहीत. पायरी एक किंवा पायरी दोन, दीड नाही. छोट्या धक्क्याने तो हलत नाही, आणि मोठ्या धक्क्याने वर गेला तरी पुन्हा खाली येतो तो तंतोतंत पहिल्या जागी. म्हणून एक सोडियम दुसऱ्या सोडियमसारखा. सारखा म्हणजे जुळ्या भावंडांसारखा नव्हे, काहीही फरक नसलेला.

आता आत्याच्या गोळीकडे ये. पन्नास मायक्रोग्रॅम. त्यात साधारण पावणेचारशे कोटी कोटी रेणू असतात. प्रत्येकात चार आयोडीन, ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात. ही अंतरं आणि हे कोन मघाच्याच हिशोबातून येतात, ज्यातून हायड्रोजनचा आकार आला. निरोगी माणसाच्या गळ्यातली ग्रंथी हाच रेणू बनवते. कारखान्यातला आणि ग्रंथीतला, दोघांत काडीचाही फरक नाही, कारण फरक असायला जागाच नाही. शरीराने त्यातलं एक आयोडीन काढलं की जो रेणू होतो तो पेशीतल्या त्याच्या जागेत कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. किल्ली कुठे बनली हे कुलूप विचारत नाही. "गोळी केमिकल आहे" हे आत्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण ग्रंथीतून येतं तेही केमिकलच, आणि तेच केमिकल. क्वांटम म्हणून गळ्यात काही घालायचं होतं, तर ते रोज सकाळी ती पाण्याबरोबर गिळतच होती.

"मग त्या दांडीने काहीच कळत नाही का?" नाही. शरीरातलं क्वांटम वाचणारं यंत्र खरोखर आहे, त्याला एमआरआय म्हणतात. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांच्या फिरकीशी ते बोलतं. त्यासाठी सहसा दीड टेस्लाचं किंवा त्याहून मोठं चुंबक लागतं, ते थंड ठेवायला द्रव हेलियम लागतो आणि आत जाण्याआधी मंगळसूत्र काढायला लावतात. हे काम सोसायटीच्या हॉलमध्ये लॅपटॉपला जोडलेल्या दांडीने होत असतं तर इस्पितळांनी एवढा खर्च कशाला केला असता? "कंपन" हा शब्दही असाच पळवलेला. रेणू खरंच कंप पावतात, ठरावीक वारंवारतेनेच. कार्बन डायऑक्साइडच्या अशाच एका कंपनामुळे तो पृथ्वीची उष्णता अडवतो. पण त्या कंपनाला चांगलं-वाईट, शुभ-अशुभ नसतं.

माझ्या एका ब्लॉगर मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणतो, मांजर आणि दोन ठिकाणचा इलेक्ट्रॉन नसेल तर पोरं या विषयाकडे वळणारच नाहीत. हळदीच्या डागावर कोण सिनेमा काढणार? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मीही मांजरामुळेच वळलो होतो. आणि मोजमाप करताना नेमकं काय घडतं यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण मतभेद अर्थाबद्दल आहेत, हिशोबाबद्दल नाहीत. हायड्रोजनच्या एका उडीची वारंवारता पंधरा अंकांपर्यंत मोजली गेलीय. "कुणालाच कळत नाही" असं म्हणताना आपण हे सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की शास्त्रज्ञही आपल्यासारखेच अंधारात चाचपडताहेत, मग लॉकेटवाल्याचं का ऐकू नये?

अर्थात फुशारकीही नको. समीकरण पूर्णपणे, नेमकं सुटतं ते एका इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजनचं. दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमलाच अदमास काढावे लागतात. डिरॅकने १९२९ सालीच म्हणून ठेवलं होतं की रसायनशास्त्राला लागणारे नियम आता माहीत आहेत, अडचण आहे ती समीकरणं सोडवता न येण्याची. ती अडचण थोडी हलकी करायच्या पद्धती शोधल्या म्हणून कोन आणि पोपल यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. करक्युमिनचा रंग आता कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी काढता येतो. आत्याचा स्वभाव येत नाही.

हे सगळं मी तिला परवा फोनवर सांगितलं, जवळजवळ तासभर. मध्ये दोनदा तिने कुकर बंद केला. शेवटी म्हणाली, "हळदीचं पटलं. गोळीचं पण पटलं. लॉकेट मी कपाटात टाकलंय, फेकवत नाही, पैसे दिलेत." मग थोडं थांबून, "पण मला सांग, चांदी पांढरी, ॲल्युमिनियम पांढरं, स्टील पांढरं. मग माझ्या पाटल्याच पिवळ्या का?"

प्रश्न जबरदस्त आहे. सोन्याच्या अणूचं केंद्रक इतकं जड की अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त होतो, आणि तिथे नुसत्या श्रोडिंगरने भागत नाही, आइन्स्टाइनला बोलवावं लागतं. एवढं सांगितल्यावर ती म्हणाली, आता माझा भात व्हायचाय, उद्या कर फोन. तर पाटल्यांचं पुढच्या वेळी.